सिनेमा कॅमेऱ्यात अजून मॅन्युअल फोकसच का?

साध्या मिररलेस कॅमेऱ्यात डोळा पकडणारा ऑटोफोकस आलाय, मग शूटिंगवर फोकस पुलर, म्हणजे हाताने फोकस सांभाळणारा माणूस, लागतोच कशाला?

> कारण कोणाकडे कधी बघायचं हे कॅमेऱ्याला कळत नाही ना! ८५ एमएमची लेन्स, टी२ (म्हणजे लेन्स बरीच उघडी), नटी दोन मीटरवर, तर सुपर ३५ (सिनेमाचा नेहमीचा सेन्सर आकार) वर पुढे-मागे मिळून जेमतेम पाच-सहा सेंटीमीटर शार्प असतं, त्यात नटी वळली की फोकस तिच्यावरच ठेवायचा की मागच्या दारावर सावकाश न्यायचा हे सीन ठरवतो, आणि सिने लेन्सची रिंग २७०-३०० अंश फिरते म्हणून तो वेग हाताने जमतो.

> बरोबर, पण गिंबलवर (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारं यंत्र) एकटाच असशील तर बिनधास्त ऑटो लाव.

> लायडारवाली फोकस मोटर (लेन्सची रिंग फिरवणारी) बघ, लेसरने अंतर ती मोजते, निर्णय तुझाच.