रामटेक झालं की अंभोराही करा

विदर्भातल्या साहित्यस्थळांवरच्या लेखात कालिदासाच्या मेघदूतासाठी रामटेक बघावं असं लिहिलंय, ते पटलं. पण ‘साहित्याच्या वाटेवर रामटेकपुढे विदर्भात फारसं काही नाही’ हे अजिबात नाही पटलं. नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यातलं अंभोरा राहिलं ना! आद्य मराठी कवी मानल्या जाणाऱ्या मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ, शके १११० म्हणजे ११८८ सालचा, इथेच लिहिला गेला असं आमच्याकडे मानतात. अंबेजोगाईचाही दावा आहे, समाधीही तिथे दाखवतात. पण ग्रंथात वैनगंगेकाठच्या अंबानगरीचा उल्लेख येतो, म्हणून मला अंभोऱ्याची बाजू भक्कम वाटते.

टेकडीवर चैतन्येश्वराचं मंदिर आहे, खाली वैनगंगा-कन्हानचा संगम. गोसीखुर्द धरणाचं पाणी चढलं आणि जुनं गाव उठलं, याचं मला फार वाईट वाटतं. नवा पूल व्हायच्या आधी आम्ही डोंग्याने पलीकडे भंडारा जिल्ह्यात उतरायचो. नदीच्या मधोमध बसून टेकडी बघितली की ही जागा लिहायला का निवडली असेल ते कळायचं. आता बहुतेक लोक पुलावर फोटो काढून परततात. तुम्ही मात्र देवळापर्यंत चढाच. डिसेंबर-जानेवारीत, सकाळी लवकर जा. एप्रिल-मेमध्ये तिथलं ऊन झेपत नाही.