बी विंग ग्रुप : रात्रीची टकटक

३०२ काकू: नमस्कार. परत लिहितेय. काल रात्री साडेअकरा ते दीड, भिंतीतून टकटक टकटक. यांचं बीपी तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. ३०३ ने उत्तर द्यावं, नुसता अंगठा नको.

३०३: काकू, खरंच सॉरी. चिरंजीवांचा नवा गेमिंग कीबोर्ड आहे, अठराशेचा. स्वस्तातला माल म्हणून वाजतो का? परत करू का?

४०१: परत नका करू. सकाळी मी जाऊन बघून आलो. दोन्ही हातांनी पिळला, कुरकुर नाही. वरचं अंग प्लास्टिकचं, पण बटणांखाली लोखंडी पत्रा आहे. या किमतीत बांधणी चांगली आहे. आवाज निळ्या स्विचचा, म्हणजे प्रत्येक बटणाखाली असतो त्या खटक्याचा. बटण ४ मिलिमीटर खाली जातं, साधारण मध्यावर आतला छोटा तुकडा सटकून आपटतो. तो क्लिक मुद्दाम दिलेला असतो.

१०२ नाना: आमच्या ऑफिसात एका हॉलमध्ये वीस टाइपरायटर वाजायचे. कोणी तक्रार केली नाही.

३०२ काकू: नाना, ते दिवसा. हे रात्री साडेअकरा ते दीड.

२०४: टकटक तरी बरी. आमच्या डोक्यावर पहाटे खलबत्ता चालतो 🙏

३०४: नाव घेऊन बोला. आणि तुमची स्कूटर माझ्या जागेत का असते तेही सांगा.

सेक्रेटरी: कृपया विषयावर राहा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल आहे.

२०४: मग खलबत्ताही मोजा.

३०३ चिरंजीव: काकू, मी बटणांखाली रबरी रिंगा लावल्यात.

४०१: अरे, रिंगेने बटण तळाला आपटायचा आवाज कमी होतो. क्लिक त्याच्या आधीच होऊन गेलेला असतो. तुझे स्विच चिमट्याने निघतात ना? लाल बसव, त्यात क्लिक नसतो. घेताना पिना जुळतात का बघ, स्वस्त कीबोर्डात सगळे स्विच बसत नाहीत. स्पेसबारची खडखड वेगळी. त्याच्या खालच्या तारेला टोकांशी ग्रीस लाव.

३०२ काकू: हे सगळं कधी? आज रात्री साडेअकरा ते दीडचं काय?

४०१: काकू, म्हणूनच टेबल भिंतीपासून चार बोटं सरकवायला लावलं आणि कीबोर्डखाली सोलापुरी चादर घडी करून घातली. तो टाइप करत होता तेव्हा मी तुमच्या खोलीत भिंतीला कान लावून उभा होतो, काकांना विचारा. टेबल भिंतीला टेकलेलं असताना एकेक बटण मोजता येत होतं. सरकवल्यावर फक्त स्पेसबार.

३०३: लाल स्विच आजच मागवतो. तोवर दहानंतर कीबोर्ड माझ्या कपाटात.

३०४: स्कूटरचं उत्तर आलं नाही.

३०२ काकू (रात्री ११:५२): आज टकटक नाही. हे झोपले. ३०३ च्या लेकराला सांगा, उद्या संध्याकाळी घरी ये, थालीपीठ करतेय.

२०४: पीठ मिक्सरवर दळणार की खलबत्त्यात?