झाडाखाली लॉन टिकत नाही, मोंडो ग्रास लावू का?

सावलीवेडी:
मोठ्या झाडाखाली लॉन काही केल्या जगत नाही. विरळ होत होत शेवटी नुसती माती उरते. तिथे मोंडो लावावं म्हणतेय. कापावं लागत नाही हे खरं का? नर्सरीत दोन कुंड्या दाखवल्या, दोन्ही 'मोंडो'च म्हणे! एकीची पानं चांगली रुंद, दुसरीची अगदी बारीक. कुठली घेऊ? मुलं तिथे खेळतात.

मातीचे हात:
रुंद पानांचं बहुतेक लिरिओपे, म्हणजे मोंडोसारखंच दिसणारं दुसरं झाड. फुलावर आलं की कळतं: लिरिओपेचे जांभळे तुरे वर उभे राहतात, फळं काळी. मोंडोची फुलं पानांत दडलेली, फळं निळीशार. खरं तर दोन्ही गवत नव्हेतच, शतावरीच्या कुळातली आहेत. कुंडीतून काढून बघा, मुळांना छोट्या गाठी दिसतील.

बुटकं मोंडो घ्या. कापायची कटकट खरंच नाही. गड्डा हातानेच सोडवा, प्रत्येक फुटव्याला मुळं हवीत. 10 ते 15 सेंमीवर लावा, पण पानं जिथून फुटतात तो भाग मातीत गाडू नका, कुजतो. झाडाची जाड मुळं तोडत बसू नका, मधल्या जागा शोधा.

आता न सांगितली जाणारी गोष्ट: हे पसरतं फार सावकाश. तोवर निंदणी तुमच्या नशिबी! त्यातही लव्हाळा मोंडोच्या गड्ड्यातूनच वर येतो आणि लांबून ओळखू येत नाही. रंग जरा पोपटी, फुलाचा दांडा बोटांत फिरवला की तिकोनी लागतो. दिसला की खालच्या गाठीसकट काढा. नुसता ओढलात तर गाठ आत राहते आणि पुन्हा फुटतो.

हिरवा कोपरा:
एवढा धीर नसेल तर लिरिओपे स्पिकाटा. जमिनीखालून धावत सुटतं, म्हणून शेजारी फुलझाडांचा वाफा असेल तर नकोच. लिरिओपेचीच दुसरी जात, मस्कारी, मात्र गड्डा धरून राहते. हिवाळा सरताना, नवे कोंब यायच्या आत जुनी पानं छाटायची, झालं.

सावलीवेडी:
वाफा आहे शेजारीच, म्हणजे स्पिकाटा बाद. आणि मुलांचं काय?

मातीचे हात:
रोजची धावपळ दोन्हींना सोसत नाही. जायच्या वाटेवर फरश्या टाका आणि फटींत मोंडो लावा. दुपारचं ऊन थेट पडतं तो तुकडा सोडा, तिथे शेंडे करपतात. लॉन तिथेच ठेवा, मुलंही तिथेच खेळू देत.