विरघळलं म्हणजे फुटलंच असं नाही
एकाने विचारलंय की आयनिक समीकरणात हायड्रोक्लोरिक आम्ल आयनांत (म्हणजे प्रभार असलेल्या कणांत) फोडून लिहितात, मग अॅसेटिक आम्ल का नाही, दोन्ही पाण्यात विरघळतातच की. विरघळणं आणि आयन होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सगळा घोळ इथेच होतो. पाण्यात पातळ केलेल्या (०.१ मोलर) अॅसेटिक आम्लात शंभरातला जेमतेम एखाद-दुसरा रेणू फुटलेला असतो, बाकीचे अख्खेच. म्हणून कॉस्टिक सोड्याबरोबरच्या (सोडियम हायड्रॉक्साइड) अभिक्रियेच्या निव्वळ आयनिक समीकरणात, म्हणजे खरोखर बदलणारे कणच लिहितात त्या समीकरणात, डावीकडे आम्लाचा अख्खा रेणू आणि हायड्रॉक्साइड आयन, उजवीकडे अॅसिटेट आयन आणि पाणी. प्रेक्षक म्हणून, म्हणजे दोन्ही बाजूंना जसाच्या तसा राहतो म्हणून, खोडायचा तो फक्त सोडियम आयन. साखर तर पूर्ण विरघळते, पण आयन एकही देत नाही.

आणखी एक, समीकरणाच्या दोन्ही बाजूंचा प्रभार मोजल्याशिवाय पुढे जाऊच नका. सिल्व्हर नायट्रेटमध्ये तांब्याची पट्टी बुडवली की मुलं तांब्याचा एक अणू आणि एकच सिल्व्हर आयन लिहून मोकळी होतात. अणू जुळतात, पण डावीकडे धन एक (सिल्व्हर आयनाचा) आणि उजवीकडे धन दोन (तांब्याच्या आयनाचा)! तांब्याचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो, सिल्व्हर आयन एकच घेतो, तेव्हा सिल्व्हर दोन्ही बाजूंना दोन-दोन हवेत.