कस्टर्ड मुरतं, पण लोण्याचा भपका?

ई-सिगारेटमध्ये (व्हेपमध्ये) भरायचं कस्टर्डच्या चवीचं लिक्विड बाटली उघडल्या उघडल्या औषधासारखं लागतं, म्हणून ते फालतू, असं वर कुणीतरी लिहिलंय. अर्धंच पटलं. व्हॅनिला-कस्टर्डवाली लिक्विडं दोन-तीन आठवडे अंधारात मुरू द्यावी लागतात, लोणच्यासारखी. व्हॅनिलिनमुळे (व्हॅनिलाचा वास देणारं रसायन) रंगही गडद होत जातो, म्हणजे माल खराब झाला असं नाही.

मी इंग्लंडात होतो तेव्हा (आपल्याकडे २०१९ पासून बंदीच आहे) 'रबडी' नावाचं एक ओढून पाहिलं. आमचं गाव भूम तालुक्यातलं, लहानपण खव्याच्या भट्टीशेजारी गेलेलं. पहिल्याच झुरक्याला कळलं: वेलची आहे, गोडी तर नको तितकी, पण दूध आटताना कढईच्या बुडाला धरतो तो खरपूस वास कुठंच नाही. नुसता लोण्याचा भपका. या भपक्यावरून मात्र चवीला गुण देऊ नका. डायअसिटिल नावाच्या रसायनानं असा वास येतो. ते पोटात गेलं तर चालतं, पण अमेरिकेत मिसुरीतल्या पॉपकॉर्न कारखान्यात त्याची वाफ श्वासात जाऊन कामगारांची फुप्फुसं कायमची निकामी झाली. ब्रिटनमध्ये लिक्विडात ते घालायला मनाई आहे. इथं संभाजीनगरात चोरून मिळणाऱ्या बाटलीत काय असतं, कोण तपासतंय?