पोहे, टोस्ट की कळण्याची भाकरी? मधुमेह असलेल्या घरातील सकाळच्या न्याहारीविषयी

मेहरूणकर (जळगाव)

नमस्कार. आमच्या घरात सकाळच्या खाण्यावरून वारंवार मतभेद होतात आणि ते प्रकृतीशी निगडित असल्यामुळे येथे सविस्तर विचारीत आहे. माझे सासरे सत्तरीच्या जवळ आले आहेत. त्यांचे आयुष्य चोपडा तालुक्यात शेती करण्यात गेले. आता ते आमच्याकडे शहरात राहतात. त्यांना मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असून गोळ्या चालू आहेत. सकाळी उठल्यावर ते साखरेच्या चहाबरोबर टोस्ट किंवा खारी खातात, नऊच्या सुमारास घरी केलेले पोहे घेतात आणि त्याबरोबर पुन्हा चहा होतो. मुलांची शाळा सकाळची आहे, त्यामुळे ती चहा-बिस्किटांवरच निघून जातात. यजमान कामावर जाताना बाहेर पोहे किंवा कचोरी खातात.

सासूबाईंचे म्हणणे असे, की रात्रीची कळण्याची (ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची) भाकरी सकाळी दुधात कुस्करून खाल्ली तर यातले काहीच लागणार नाही. दुसरीकडे, पोहे म्हणजे निव्वळ साखर आणि सकाळची न्याहारी मुळीच करू नये, असे संदेश यजमानांच्या मोबाईलवर येत असतात. पोहे खरोखर इतके वाईट आहेत काय? मधुमेह असलेल्या माणसाला शिळी भाकरी, दूध आणि आपल्याकडची केळी चालतात काय? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पांझराकाठ (धुळे)

ताई, मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि हाच प्रश्न माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक कुटुंबांचा असतो. पोह्यांपासून सुरुवात करते, कारण त्यांच्यावर सर्वांत जास्त अन्याय होतो.

एका माणसाच्या बशीला साधारण ५० ग्रॅम कोरडे पोहे लागतात. त्यांतून सुमारे १७५ कॅलरी, ३८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके आणि साडेतीन ते चार ग्रॅम प्रथिने मिळतात. म्हणजे पोहे हे विष नाही, परंतु ते एकटे पुरेसेही नाहीत. प्रथिने कमी आणि तंतूही फारसे नसल्यामुळे ते लवकर पचतात, रक्तातील साखर त्या मानाने लवकर वाढते आणि अकरा वाजता पुन्हा भूक लागते. याच बशीत मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम, शेंगदाणे घातले तर सहा ग्रॅम प्रथिने वाढतात. वाफवलेली मोड आलेली मटकी, मटार, कांदा आणि भरपूर कोथिंबीर घालून पोह्यांचे प्रमाण तेवढ्याच मानाने कमी केले, तर त्या बशीचे स्वरूपच बदलते. लिंबू मात्र अवश्य पिळावे, कारण त्यातील क जीवनसत्त्वामुळे धान्य-कडधान्यांतील लोह शरीराला अधिक चांगले मिळते. तेलावर हात राखावा, कारण मोठा चमचाभर तेलाच्या सुमारे १२० कॅलरी होतात आणि वरून शेव घातली की तेल आणि मीठ दोन्ही वाढतात. खान्देशात शेवेवाचून कशाचेच पान हलत नाही हे मी जाणते, तरीही रक्तदाब असलेल्या माणसाच्या पोह्यांवर ती नसावी.

आपण लिहिलेल्या दिनक्रमात मला पोह्यांपेक्षा चहा आणि टोस्ट यांची अधिक चिंता वाटते. एका कपात दोन लहान चमचे साखर म्हणजे आठ ते दहा ग्रॅम होते. सकाळचे दोन आणि दुपारचा एक असे तीन कप झाले, तरी २५ ते ३० ग्रॅम साखर केवळ चहातून पोटात जाते. निरोगी माणसानेदेखील वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवावी असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते, येथे तर प्रश्न मधुमेहाचा आहे. टोस्ट आणि खारी यांत मैदा असतो आणि खारीत तर स्निग्ध पदार्थ भरपूर लागतात. जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातील ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन आपल्या देशात आहे, ही गोष्ट चांगली झाली. पण त्यामुळे खारी पौष्टिक होत नाही, आणि सुट्या मिळणाऱ्या मालात काय वापरले आहे हे गिऱ्हाइकाला समजण्याची सोयही नसते.

आणखी एक गोष्ट, विशेषतः घरातील स्त्रियांसाठी आणि मुलींसाठी: चहा न्याहारीबरोबर घेऊ नये, तासाभराचे अंतर ठेवावे. चहातील घटक अन्नातील लोहाच्या शोषणात अडथळा आणतात, आणि आपल्याकडे मुलींमध्ये रक्त कमी असणे इतके सर्रास आढळते, की ही सवय बदलणे खरोखर मोलाचे आहे.

केळीबाग (यावल)

ताई, मी शेतकरी आहे. वैद्यकीय ज्ञान माझ्याकडे नाही, परंतु आपल्या सासऱ्यांच्या पिढीची न्याहारी मी जवळून पाहिली आहे, म्हणून लिहितो. त्या काळी माणूस उजाडण्यापूर्वी उठत असे, गुरांचे शेण-पाणी, वैरण, दूध काढणे हे सर्व उरकून शेतात जात असे आणि दोन-तीन तास अंगमेहनत झाल्यावर नऊ-दहाच्या सुमारास बांधावर भाकरी सोडत असे. भाकरी दादरची किंवा कळण्याची, बरोबर ठेचा, कांदा, एखादी सुकी भाजी, हंगामात वांग्याचे भरीत. तीन-तीन भाकऱ्या खाणारी माणसे होती आणि ती भाकरी दुपारपर्यंत वखर-नांगरामागे जिरून जात असे. तीच माणसे आज शहरात मुलाकडे राहतात, खुर्चीवर बसून वर्तमानपत्र वाचतात आणि सवयीने तेवढेच खातात. त्यामुळे दोष एकट्या पोह्यांना देऊ नये असे माझे नम्र मत आहे.

दादरविषयी थोडे सांगतो. ही आपल्याकडची रब्बीची ज्वारी. तापी-गिरणेच्या काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते. तिची भाकरी गोडसर लागते आणि कडबाही चांगला निघतो. कापूस आणि केळी वाढली तशी दादर मागे पडली, आणि पुष्कळ घरांत भाकरीच्या जागी गव्हाची पोळी आली. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून साजरे केले, तेव्हा शहरातील मंडळी ज्वारीची बिस्किटे विकत घेऊ लागली. बिस्किटापेक्षा भाकरी खाल्लेली बरी, कारण तिच्यात साखर आणि लोणी घालावे लागत नाही.

केळीबद्दल मधुमेहाच्या दृष्टीने जाणकारांनीच सांगावे. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हांला अभिमान आहे. परंतु आमचे पीक आहे म्हणून साखरेच्या रुग्णाने कितीही खावे, असे मी म्हणणार नाही. एवढे मात्र खात्रीने सांगतो, की शाळेला जाणाऱ्या मुलांच्या हातात बिस्किटाच्या पुड्याऐवजी एक केळे आणि मूठभर शेंगदाणे दिले, तर दप्तर भरता भरताही ते खाऊन होते.

बोरीकाठची (अमळनेर)

कळण्याचा विषय निघाला आहे म्हणून त्यातील एक महत्त्वाची बाब सांगते, जी शहरातील नव्या सुनांना सहसा माहीत नसते. कळणे दळताना धान्यातच मीठ घालण्याची पद्धत आहे. आमच्याकडे चार वाट्या दादरला एक वाटी सालीसकट काळे उडीद आणि बेताचे खडे मीठ घालून एकत्र दळून आणतात. घराघरात प्रमाण थोडे वेगळे असते. भाकरीतच मीठ, त्यावर ठेचा किंवा लोणचे, असे खाल्ले तर रक्तदाब असलेल्या माणसाच्या पोटात सकाळीच किती मीठ गेले, याचा हिशोब राहत नाही. म्हणून सासऱ्यांसाठी कळणे बिनमिठाचे दळून आणावे. चव राहावी म्हणून थोडे मेथीदाणे घालता येतात. सोबत ठेच्याऐवजी दह्यात कालवलेली शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी द्यावी. तिच्यातही मीठ बेताचेच असावे.

दुसरे म्हणजे, न्याहारी म्हणजे रोज पोहेच असे आपण अलीकडे धरून चाललो आहोत. फुनके हा आपला किती चांगला पदार्थ आहे! तुरीची किंवा मुगाची डाळ भिजवून, भरड वाटून, त्यात कांदा, मिरची, लसूण, कोथिंबीर घालून मुटके वळावेत आणि वाफवून घ्यावेत. तेल नावापुरते लागते. सहसा आपण ते कढीबरोबर जेवणात करतो, परंतु रात्री डाळ भिजत घातली तर सकाळी तासाभरात गरम फुनके आणि ताक अशी न्याहारी होऊ शकते. ज्या दिवशी तेवढा वेळ नसेल, त्या दिवशी मुगाच्या डाळीची धिरडी करावीत. मुलांना ती गुंडाळून डब्यातही देता येतात. भोपळ्याचे किंवा मेथीचे दशमीसारखे प्रकार प्रवासासाठी ठीक आहेत, परंतु रोज सकाळी नकोत, कारण त्यांत गूळ किंवा तेल बरेच जाते.

सातपुडा (तळोदा)

मी प्राथमिक शाळेत शिक्षक आहे, म्हणून मुलांपुरतेच लिहितो. दुपारच्या शालेय पोषण आहाराचा निकष पहिली ते पाचवीसाठी ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीसाठी ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने असा आहे. चहा आणि चार बिस्किटे यांत प्रथिने दोन-तीन ग्रॅमच्या पुढे जात नाहीत. सकाळी केवळ चहा घेऊन आलेली मुले दुसऱ्या तासाला बाकावर डोके टेकतात, हे आम्ही नेहमी पाहतो. मुलांना चहाऐवजी दूध आणि अर्धी भाकरी किंवा एक उकडलेले अंडे देता आले, तर त्यांचे शिकणेही सुधारते असा माझा अनुभव आहे. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात आणि ते रात्रीच उकडून ठेवता येते. मात्र ते फ्रिजमध्ये ठेवावे.

मेहरूणकर (जळगाव)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कळण्यातील मिठाचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. पांझराकाठ ताई, आता दोनच प्रश्न उरतात. सासूबाईंची शिळी भाकरी योग्य की अयोग्य? आणि न्याहारी अजिबात सोडून देण्याचा सल्ला सासऱ्यांनी मानावा काय? ते आजकाल ते संदेश फार मनावर घेऊ लागले आहेत. त्यांना सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन यांची एकत्र गोळी आहे.

पांझराकाठ (धुळे)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते अधिक तातडीचे आहे. ग्लिमेपिराइडमुळे स्वादुपिंडातून इन्शुलिन अधिक स्रवते. ती गोळी घेऊन माणूस उपाशी राहिला, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. ७० च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) खाली साखर गेली, म्हणजे हातपाय थरथरणे, दरदरून घाम येणे, गोंधळल्यासारखे होणे अशी लक्षणे दिसू लागतात आणि वयस्कर माणसांत ती पडण्याचे, बेशुद्ध होण्याचे कारण ठरतात. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता त्वरित रुग्णालयात न्यावे. त्यामुळे मोबाईलवरील संदेशावरून आपल्या सासऱ्यांनी न्याहारी सोडू नये. एखाद्या निरोगी, भूक नसलेल्या माणसाने सकाळचे खाणे उशिरा केले, तर फारसे बिघडत नाही. या गोळीवर असलेल्या माणसाची गोष्ट निराळी आहे. उपवासाच्या दिवशीही हेच लागू आहे. शिवाय साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट असते, त्यामुळे उपवासाला भगर आणि ताक त्या मानाने बरे, तेही डॉक्टरांना विचारूनच.

आता सासूबाईंची भाकरी. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. शंभर ग्रॅम कळण्याच्या पिठात, म्हणजे मध्यम आकाराच्या दोन भाकऱ्यांत, सुमारे बारा ग्रॅम प्रथिने असतात आणि तंतूही चांगले असतात. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते उडदातून मिळते. म्हणून ही जोडी एकेकट्या धान्यापेक्षा सरस ठरते. भाकरी थंड झाल्यावर तिच्यातील पिष्टाचा काही भाग सहज न पचणाऱ्या रूपात बदलतो, त्यामुळे शिळी भाकरी साखर किंचित सावकाश वाढवते, हेही खरे. परंतु ज्वारी खाल्ली म्हणजे साखर वाढतच नाही, हा समज चुकीचा आहे. त्याच दोन भाकऱ्यांत साठ-पासष्ट ग्रॅम कर्बोदके आहेत, म्हणजे पोह्यांच्या एका बशीपेक्षा पुष्कळ जास्त. सासऱ्यांना एकच भाकरी द्यावी. तिच्याबरोबर पेलाभर बिनसाखरेचे दूध किंवा दही आणि एखादी भाजी असावी. भाकरी दुधात कुस्करून खाल्ली की ती भराभर जाते आणि दुसरी मागितली जाते, म्हणून शक्यतो ती चावून खावी आणि दूध वेगळे प्यावे.

शिळेपणाची दुसरी बाजू उन्हाळ्याची आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ पर्यंत जातो आणि रात्रही गरम असते. कोरडी भाकरी सुती कापडात गुंडाळून ठेवली तर सहसा टिकते. मात्र दुधात भिजवलेली भाकरी, वरण, भात किंवा भाजी रात्रभर ओट्यावर ठेवू नये. तार आलेली किंवा आंबूस वास येणारी भाकरी तव्यावर गरम केल्याने निर्धोक होत नाही.

केळे चालेल, परंतु त्याला भाकरीची जोड म्हणून न धरता भाकरीच्या काही भागाच्या ऐवजी धरावे. सोललेल्या मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणून अर्धे केळे, तेही फार पिकून काळे ठिपके पडलेले नसावे, आणि त्यासोबत थोडे शेंगदाणे असावेत.

घरी साखर मोजण्याचे यंत्र असेल तर एक साधा उपाय करून पाहावा. एके दिवशी मटकी-शेंगदाणे घातलेले पोहे, दुसऱ्या दिवशी एक कळण्याची भाकरी आणि दूध, तिसऱ्या दिवशी फुनके आणि ताक द्यावे. प्रत्येक वेळी खाण्यापूर्वी आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी साखर मोजून वहीत लिहावी. त्या दिवसांत गोळी, गोळीची वेळ आणि सकाळचे फिरणे नेहमीप्रमाणेच ठेवावे आणि चहा बिनसाखरेचा असावा. चहातील साखर एकदम बंद झाल्यावर गोळीची मात्रा तपासावी लागू शकते, म्हणून हा बदल सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना कळवावे आणि ती वही पुढच्या भेटीला सोबत न्यावी.