मदत हवी आहे: वसाहत बिघडते ती डिझाइनमुळे की गरिबीमुळे?

मंडळी, अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातल्या प्रुइट-आयगो या सरकारी भाड्याच्या घरांच्या वसाहतीबद्दल वाचतेय आणि डोकं नुसतं गरगरतंय. ११ मजली ३३ इमारती, लिफ्ट थांबायची दर तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे बाकीच्यांनी पोरंबाळं, पिशव्या सांभाळत जिन्यानंच जायचं आणि लुटायला टपलेले नेमके तिथंच. शेवटी १९७२ पासून पाडापाडी. वास्तुविशारद ऑस्कर न्यूमन म्हणतात दोष रचनेचा, जी जागा कुणालाच आपली वाटत नाही तिच्यावर लक्ष कोण ठेवणार. पटतं हो, पण देखभालीचा खर्च भाड्यातूनच निघणार होता आणि भाडेकरूच गरीब, मग बंद लिफ्ट दुरुस्त कशी होणार? सगळं खापर इमारतीवर फोडणं मला तरी बरोबर वाटत नाही. अशा वसाहतीत कुणी राहिलंय किंवा काम केलंय का? जिने, दिवे सुधारून खरंच फरक पडतो का? प्लीज सांगा.